विश्लेषण : केसाच्या हजाराव्या भागाइतका धातूचा थर मजबूत कसा करतात?

नाशिकच्या सातपूर, अंबड औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर तयार होतात. अशा उपकरणांतील तांब्याच्या पट्ट्यांवर साधारणपणे चांदीचा किंवा कथिलाचा मुलामा असतो. स्मार्टफोनच्या चिपमधील तांब्याच्या तारा तर कितीतरी बारीक. दोन्हीकडे अपेक्षा एकच : वीज सहज वाहावी आणि धातू झिजू नये, तडकू नये. पण मजबुती वाढवायला गेले की वहन घटते. हा पेच सोडवणे हा धातुशास्त्रातील अनेक पीएचडी प्रबंधांचा विषय आहे.

धातू मजबूत कशामुळे होतो?

धातू बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. ताण आला की अणुरचनेतील दोष कणामध्ये सरकतात आणि धातू वाकतो. कणांच्या सीमा या दोषांना अडवतात. म्हणून कण जितके बारीक, तितका धातू कणखर. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांनी हा नियम मांडला.

मग कण आणखी बारीक का करत नाहीत?

साधारण १० ते २० नॅनोमीटरखाली सीमाच घसरू लागतात आणि धातू उलट मऊ होतो. पुढे बंगळुरूच्या आयआयएससीत प्राध्यापक झालेले अतुल चोक्शी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तांबे व पॅलेडियममध्ये हा उलटा कल नोंदवला. शिवाय सीमा वाढल्या की विजेलाही अडथळा होतो.

तोडगा काय?

‘जुळ्या सीमा’. यात सीमेच्या दोन बाजूंची अणुरचना आरशातील प्रतिबिंबासारखी असते. दोष अडतात, इलेक्ट्रॉन मात्र फारसे अडत नाहीत. २००४ मध्ये चीनमधील शेनयांगच्या संशोधकांनी असे तांबे बनवले. त्याची ताकद सुमारे १,००० मेगापास्कल, म्हणजे नेहमीच्या तांब्याच्या दहापट होती. वहन जवळपास शुद्ध तांब्याइतके. हे तांबे थांबून थांबून वीज सोडत, प्लेटिंगनेच तयार केले होते.

ताकद मोजतात कशी?

हिऱ्याचे अतिसूक्ष्म टोक थरात दाबून. १०० नॅनोमीटरच्या थरात ते साधारण १० नॅनोमीटरपेक्षा खोल जाऊ देत नाहीत. नाहीतर खालच्या काचेचा किंवा सिलिकॉनचा कठीणपणा मोजमापात मिसळतो.

नाशिकसाठी महत्त्व काय?

प्लेटिंग कारखान्यांना नवे नाही. पण नखाएवढ्या नमुन्यावर जमलेली रचना हजारो पट्ट्यांवर रोज तशीच आणणे अवघड असते. द्रावण किंवा विजेचा प्रवाह जरा बदलला तरी कणांचा आकार बदलतो. संशोधकाच्या हातात वेळही मोजकाच : जेआरएफची दोन वर्षे (दरमहा ३७,००० रुपये) आणि एसआरएफची तीन (दरमहा ४२,०००). या पाच वर्षांत संशोधकाला कारखान्यातील पट्टी आणि कारखान्याला प्रयोगशाळेतील मोजणी मिळाली, तरच थर सुधारेल. नाहीतर प्रबंध कपाटात राहील आणि पट्टी पूर्वीसारखीच झिजत राहील.