जीप सगळ्यांनाच हवी, पिकअपचं काय?

तुमच्या फीडवर हे रील एकदा तरी येऊन गेलं असणार. गंजलेली, एका अंगाला कललेली जुनी जीप टोचन करून गॅरेजात आणली जाते. पुढच्या तीस सेकंदांत पत्रा घासला जातो, ऑलिव्ह हिरवा रंग चढतो, ढब्बू टायर बसतात आणि शेवटी एखाद्या दणदणीत पंजाबी गाण्यावर ती चिखलातून उसळी मारते. खाली कमेंट ठरलेली : ‘भाई, कितने का पडा?’

या रील्सबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे मधले आठ-दहा महिने कुणीच दाखवत नाही. दुसरी म्हणजे गाडी नेहमी जीपच असते. कधी बुलेट, कधी येझदी, फार तर पद्मिनी. पण ज्या गाडीने आपल्याकडच्या निम्म्या घरांचा संसार ओढला, ती पिकअप कुणाच्या स्वप्नात येत नाही. आज मला तुमच्याशी तिच्याबद्दलच बोलायचंय.

आठवून बघा. गावाकडून मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट कशातून गेले? सोसायटीचा गणपती कशातून आला? तुमचं बिऱ्हाड बदललं तेव्हा कपाट आणि फ्रीज कशात चढला? लग्नातली भांडी, दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, क्रिकेटची अख्खी टीम, सगळं एकाच हौद्यात. तरीही ती घराण्याची गाडी ठरत नाही. आजोबांची जीप ‘आठवण’ असते, आजोबांची पिकअप मात्र ‘काढून टाका’ असते. कारण ती कामाची गाडी. चालेल तोवर हाणायची, थकली की भंगारात.

खरं तर हा इतिहास आपल्या दाराशी घडलाय. ‘टेम्पो’ हा शब्द आपण अस्सल मराठी असल्यासारखा वापरतो. पण ते हॅम्बर्गच्या एका जर्मन कंपनीचं ब्रँडनाव. फिरोदियांनी त्या कंपनीच्या सहकार्याने इथे तीनचाकी बनवायला घेतल्या आणि नाव सगळ्या मालवाहू गाड्यांना चिकटलं. पुढे आकुर्डीतून मॅटाडोर निघाली, तिच्यात मर्सिडीजच्या तंत्राचं डिझेल इंजिन आलं. महिंद्राने विलीजची चपट्या नाकाची एफसी-१५० इथे बनवली. आणि १९८८ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात टाटा मोबाइल ही पिकअप काढली. ट्रक बनवणाऱ्या कंपनीचं हे छोट्या गाड्यांकडे पडलेलं पाऊल होतं. त्याच पायावर १९९१ ला सिएरा उभी राहिली, मग इस्टेट, सुमो आणि पुढे सफारी. आज सिएराचं नाव कंपनीने परत आणलं, तिच्या फोटोंवर आपण हार्ट टाकतो. पण ज्या पिकअपमुळे ती जन्मली, ती शेवटची कधी पाहिलीत, सांगा बरं?

कायदाही तिच्या बाजूने नाही. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नोंदणी फी २० हजार, मुदत दहा वर्षं. चांगली गोष्ट आहे. पण ती केवळ खासगी वापरातल्या दुचाकी-चारचाकींसाठी. आयुष्यभर माल वाहिलेल्या गाडीसाठी हा दरवाजा सहज उघडत नाही. उघडला तरी १९८८ च्या टाटा मोबाइलला २०३८ पर्यंत वाट बघावी लागणार. तोवर किती उरतील?

पूर्वी सरकारी खात्यांच्या लिलावात जुन्या जीप, पिकअप निघायच्या आणि हौशी मंडळी त्या उचलायची. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. त्या थेट नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जातात. धोरण म्हणून ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण एक झरा आटला हे खरं. आता उरल्यात त्या कुणाच्या तरी शेडमध्ये, गोठ्याशेजारी, उसाच्या पाचटाखाली झाकलेल्या. त्या वाचल्या तर तुमच्या-माझ्यासारख्यांच्या हौसेमुळेच वाचतील.

आता तुम्ही विचाराल, वाचवून करायचं काय? माझं उत्तर सरळ आहे : शिकायचं. या गाड्यांच्या इंजिनात सेन्सर नाहीत, ईसीयू नाही. जुन्या डिझेलचा पंप यांत्रिक. हवा, डिझेल आणि दाब नीट मिळाला की ती चालते, नाहीतर नाही. प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते, हाताला लागते. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात डिझेल सायकलची आकृती काढून मार्क मिळवलेल्या कित्येकांनी नोझल हातात धरलेला नसतो. पंप-नोझलवाल्याच्या दुकानात अर्धा दिवस बसा, त्या आकृतीचा अर्थ कळेल. आणि हे फक्त मेकॅनिकलवाल्यांसाठी नाही. कॉमर्सची मुलगी असाल तर हिशोबाची वही तुमच्याइतकी नीट कुणी ठेवणार नाही, आणि पाना धरायला डिग्री लागत नाही.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. गाडीसोबत ती दुरुस्त करणारे हातही म्हातारे होतायत. आवाज ऐकून ‘टॅपेट वाजतोय’ सांगणारे मिस्त्री साठी ओलांडून गेलेत. त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. त्यांनी स्कॅनर लावून शिकलेलं नाही आणि वहीत काही लिहून ठेवलेलं नाही. पार्ट मिळत नसेल तर लेथवर बनवून घ्यायचा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन ओतकाम करून आणायचं, ही त्यांची पद्धत. ते ज्ञान कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. ते मिळतं शेजारी उभं राहून, चहा आणून देऊन आणि दहा वेळा शिव्या खाऊन.

एवढं ऐकून उद्याच गाडी शोधायला निघणार असाल तर जरा थांबा. आधी कागद, मग गाडी. हा क्रम उलटा केला की हौस फसते.

पिकअप बहुतेक वेळा मालवाहू म्हणून नोंदलेली असते, पिवळ्या प्लेटची. म्हणजे जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस, ज्याला आपण पासिंग म्हणतो, ते करावं लागतं. १५ वर्षांवरच्या गाड्यांची ही फी २०२२ पासून हजारांत गेली आणि नंतरही वाढली. विमा मालवाहू गाडीचाच लागतो. दिलासा दोन बाबतीत : एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, आणि ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. हौद्यात मित्र भरून लोणावळ्याला जायचा बेत असेल तर मात्र तो इथेच रद्द करा. ते बेकायदा तर आहेच, जीवघेणंही आहे.

वाहन पोर्टलवर नंबर टाकून थकलेला कर, चलनं, कर्जाचा बोजा बघून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. चेसिस नंबर स्वतः बघा, आरसी बुकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिथल्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. तिथल्या आरटीओची एनओसी नसेल तर तुम्ही गाडी नाही, वजनावर विकायचा पत्रा विकत घेताय. ‘कागद नंतर करून देतो भाऊ’ हे वाक्य ऐकू आलं की चहा संपवा आणि निघा.

कागद जुळले की गाडीकडे वळा. बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, थंड असलं पाहिजे. मग स्टार्टर मारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पंप-नोझल किंवा हवेचं काम. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेडची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. भकाभक धूर बाहेर आला तर पिस्टन-रिंगा गेल्या, बोअरचं काम निघणार. खिशात एक लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली झोपा. पिकअपने आयुष्यभर ओव्हरलोड सोसलेला असतो. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला तडा किंवा वेल्डिंगचे जुने टाके दिसतात का बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं. खचलेल्या चेसिसवर पैसे लावू नका.

गाडी आली की पहिला मोह होतो तो बदल करायचा. मोठे टायर, छतावर लाइटची रांग, दुसऱ्या गाडीचं दणकट इंजिन. इथे मी जरा कडवा आहे. मॉडिफाय करणं म्हणजे रिस्टोअर करणं नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच : ती जशी होती तशी ठेवायची नसेल, तर जुनी गाडी घेतलीच कशाला?

पैशांचं खरं बोलूया. गाडीची किंमत हा फक्त पहिला हप्ता समजा. तेवढीच रक्कम दुरुस्तीला बाजूला नसेल तर घेऊ नका, आणि तीही पुरणार नाही हे गृहीत धरा. डेंटिंग-पेंटिंग सगळ्यात शेवटी. आधी ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, वायरिंग, मग इंजिन. लोक उलटं करतात, कारण फोटोत रंग दिसतो, ब्रेक दिसत नाही. आणि विकून नफा मिळेल या आशेवर तर मुळीच घेऊ नका. पिकअपला जीपसारखा भाव मिळत नाही. पण म्हणूनच ती अजून विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे.

एक आक्षेप तुमच्यातले काही जण घेतीलच, आणि तो रास्त आहे : डिझेलचा जुना धूर ओकणारी गाडी जपायची आणि वर हवामान बदलावर प्रोजेक्ट करायचे? भारतात भारत स्टेजची पहिली पायरी २००० साली आली, बीएस-सिक्स २०२० ला. त्याआधीची गाडी आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण सोडते. ‘जुनं वापरणं म्हणजे पर्यावरणपूरक’ असं सांगून हे झाकता येणार नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, हेही तितकंच खरं. म्हणून माझं म्हणणं इतकंच : ही रोज कॉलेजला न्यायची गाडी नाही. महिन्यातून एक-दोनदा काढा, पंप-नोझल वेळेवर करा, पीयूसीत प्रामाणिकपणे पास करा, एक्स्प्रेस-वेवर शर्यत लावू नका. एवढं पाळणाऱ्यांच्या मोजक्या गाड्यांनी हवा बिघडत नाही. रोज ट्रॅफिकमध्ये एकेकटे कारने जाणारे आपण ती जास्त बिघडवतो.

आणि हे एकट्याने करायचीही गरज नाही. इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं ‘बाहा’साठी रात्री जागून बग्गी बनवतात. स्पर्धा संपली की बग्गी वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. त्याच क्लबने एक जुनी पिकअप का घेऊ नये? शेजारच्या आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिकच्या मुलांना सोबत घ्या. त्यांना पाना येतो, तुम्हाला ड्रॉइंग येतं, दोघांनाही दुसऱ्याकडून घेण्यासारखं खूप आहे. गावातल्या एका जुन्या मिस्त्रींना गुरू करा, आणि त्यांना दिवसाचे पैसे द्या, नुसता सत्कार नको. चार मित्र मिळून घेणार असाल तर आरसी कुणाच्या नावावर, खर्च कसा वाटायचा, कुणी मध्येच सोडलं तर काय, हे आधी कागदावर लिहा. मैत्री त्यामुळे तुटत नाही, उलट टिकते.

या दिवाळीला गावी जाल तेव्हा एक काम करा. आजोबांना, मामांना, शेजारच्या काकांना विचारा, ‘आपली ती जुनी गाडी कुठे आहे हो?’ कदाचित ती गेली असेल. कदाचित भंगारवाल्याशी किलोच्या भावाचं बोलणं चालू असेल. आणि कदाचित शेडमध्ये, टायर जमिनीत रुतलेल्या अवस्थेत, आरसी बुकासकट ती उभी असेल. घ्या किंवा घेऊ नका, तो निर्णय तुमचा आणि तुमच्या खिशाचा. पण निदान पत्रा कापला जाण्याआधी, ती कुणी चालवली, काय काय वाहिलं आणि कुठल्या घाटात बंद पडली होती, एवढं तरी त्या माणसांकडून ऐकून घ्या.