एका ओळीचं ‘मेरिट’

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, वायफायचा स्वस्त डोंगल लावला आणि तो चाललाच नाही. मग आपल्या अभ्यासिकांमध्ये दोनच सल्ले मिळतात: चोरीचं विंडोज टाका, नाहीतर नवा डोंगल घ्या. हे दोन्ही सल्ले गिऱ्हाईकाचे आहेत.

खरं दुखणं पुष्कळदा किरकोळ असतं. यूएसबी उपकरण जोडलं की ते आपले दोन क्रमांक सांगतं, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. कर्नेल ते ड्रायव्हरमधल्या यादीशी ताडून बघतो. चिप रिअलटेकची असते, तिचा ड्रायव्हरही कर्नेलमध्ये असतो. पण डबीवर शिक्का दुसऱ्या कंपनीचा, म्हणून क्रमांक वेगळा. यादीत क्रमांक नाही, तर ड्रायव्हर ढुंकूनही बघत नाही. लायकी असून हजेरीपटात नाव नाही म्हणून वर्गाबाहेर! हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा क्रमांक दाखवते. ड्रायव्हरच्या ‘न्यू आयडी’ फाइलमध्ये तो लिहून तात्पुरती चाचणी करता येते. चाललं, तर सी भाषेतल्या यादीत एक ओळ वाढवायची, कर्नेल बांधून पुन्हा तपासायचं आणि पॅच साध्या ईमेलने मेंटेनरला पाठवायचा. मेंटेनर कोण, हे कर्नेलमधलीच एक स्क्रिप्ट सांगते. स्थिर आवृत्त्यांचे नियम कडक असतात, पण नुसता क्रमांक वाढवणारा पॅच तिथेही घेतात. अंदाजाने मात्र क्रमांक घुसडायचा नाही. दिसायला सारख्या दोन डोंगलांत चिप वेगळी असू शकते. म्हणजे ज्याच्या हातात तो डोंगल आहे, त्यानेच तपासून पाठवायला हवं. आणि असला स्वस्त डोंगल महागड्या लॅपटॉपवाल्याकडे नसतो, तो आपल्याकडे असतो.

‘ओपन सोर्समध्ये जात नसते, फक्त कोड बोलतो’ हे मेरिटवाल्यांचं पालुपद. पॅचखाली नाव घालून सही करावी लागते. कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे याची ती हमी, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२३ पर्यंत नियमात ‘खरं नाव’ असं लिहिलं होतं; आता ओळखीचं नाव पुरतं, निनावी चालत नाही. हा बदल आपल्यासाठी झालेला नाही. परदेशातल्या मेंटेनरला आपल्या आडनावातून काही कळणारही नाही. कळतं ते इथल्या मुलाखत घेणाऱ्याला, आणि तोच मेरिटवर प्रवचन झोडतो. कर्नेलवाल्यांनी तरी २०२० मध्ये नव्या कोडमधून ‘मास्टर-स्लेव्ह’ हे शब्द टाळायचं ठरवलं. कोडला समाज चिकटलेला असतो, एवढं त्यांना उमगलं.

आता घरचं भांडण. ‘हे चळवळीचं काम नाही’ म्हणणारे आपल्यातही आहेत. बाबासाहेबांनी वृत्तपत्रं काढली, तसा भारत भूषण छापखानाही उभा केला. तिथे खिळे जुळवणं चळवळीचं काम होतं की नव्हतं? मग आपली संगणक शिबिरं टायपिंग आणि एक्सेलवर का थांबतात? जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी निघते, सी भाषा शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी निघत नाही.

पुढच्या शिबिराला येताना कपाटात पडलेले बंद डोंगल आणि मॉडेम सोबत आणा. आधी त्यांचे क्रमांक वहीत उतरवून घेऊ.

जय भीम!