न जेवलेल्या ताटाचे बिल

अमेरिकेत म्हातारी माणसे गोल्फ खेळतात आणि क्लबात जेवतात, म्हणून त्यांची कीव करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत एखादा वक्ता हमखास उठतो आणि सांगतो, की तिकडे आईबापांना घराबाहेर काढतात, कुंपणाच्या आत नेऊन ठेवतात, आणि ती बिचारी दिवसभर चेंडू टोलवत बसतात. टाळ्या पडतात. चहा येतो. सभेतल्या बायका मात्र चहाच्या आधीच उठलेल्या असतात, कारण घरी रात्रीचा स्वयंपाक व्हायचा असतो. सत्तरी उलटली तरी त्या कामातून त्यांना कोणी निवृत्त केलेले नाही. या वक्त्यांशी माझे भांडण आहे आणि ते कुंपण बांधणाऱ्यांशीही आहे. एकाशी भांडतो म्हणून दुसऱ्याचा वकील झालो, असे वाचकांनी कृपया समजू नये.

माझी मावसबहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, बेळगावला शहापुरात वाढली. १९७१ साली भावोजींबरोबर अमेरिकेस गेली. अजून ती हिशेब मराठीत करते आणि रागावते कानडीत. भावोजी निवृत्त झाल्यावर २००४ साली दोघांनी फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, पंचावन्न वर्षांवरील माणसांसाठी असलेल्या एका वसाहतीत घर घेतले. कोणी हाकलले नव्हते; उलट मुलगी ‘आमच्याजवळ राहा’ म्हणत होती. मधोमध अठरा होलचे गोल्फचे मैदान, दोन-तीन तळी, आणि टेकाडावर क्लबहाउस. २०२३ साली मी महिनाभर तिच्याकडे राहून आलो.

पहिल्याच संध्याकाळी, खरे तर दुपारीच, कारण तिथे पाच वाजताच रात्रीचे जेवण सुरू होते, मी स्वच्छ इस्त्रीचा झब्बा घालून तयार झालो. अक्का म्हणाली, “अरे, कॉलर नाही. आत सोडणार नाहीत.” मग तिने कपाटातून भावोजींचा कॉलरचा शर्ट काढून दिला. भावोजींना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. तो शर्ट घालून मी तिच्यासमोर बसलो, आणि बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. वाढायला हैतीहून आलेली तरुण पोरे होती. साऱ्या हॉलमध्ये तिशीच्या आतली माणसे तेवढीच.

त्या टेबलावर अक्काला कोणीतरी विचारले, “आज आपल्याला काय आवडेल?” वक्त्यांनी हे वाक्य नीट ऐकावे. शहापुरातल्या त्या घरात माझ्या मावशीला हे आयुष्यात कोणी विचारले नाही. विचारले असते तर ती घाबरली असती. अक्काने साठाव्या वर्षी पहिल्यांदा हातात गोल्फची काठी धरली. पहिले सहा महिने तिने गवतच जास्त उडवले. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाठीने दगा देईपर्यंत आठवड्यातून तीनदा ती नऊ होल खेळत होती, आणि त्या दिवसांबद्दल बोलताना तिचा चेहरा अजून उजळतो. हे सुख खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही; सभेतल्या वक्त्याला तर मुळीच नाही.

या खेळात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. तिला हॅंडिकॅप म्हणतात. दुबळ्या खेळाडूच्या एकूण फटक्यांतून त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटके वजा करतात, म्हणजे तरबेज माणसाबरोबर त्याचा सामना बरोबरीचा व्हावा. ज्यांचा चेंडू आता लांब जात नाही त्यांना सुरुवातही पुढून करता येते. वय झाले, ताकद गेली, तरी खेळात तुझी जागा आहे, असे या खेळाचे नियमच सांगतात.

आता त्याच क्लबाचा हिशेब पाहा. घराच्या खरेदीखतातच क्लबाचे सभासदत्व बांधलेले आहे. घर हवे तर क्लब घ्या. क्लब नको तर घर विका. तुम्ही खेळा, न खेळा, मैदानाच्या गवताची वर्गणी दरमहा द्यायचीच. त्याशिवाय जेवणाचा ‘किमान खर्च’ म्हणून एक रकमेचा आकडा असतो. दर तीन महिन्यांनी तेवढ्याचे जेवण क्लबात जेवलेच पाहिजे, नाही जेवलात तर उरलेले पैसे बिलात लागतात. अक्का शाकाहारी. सांजेला तिला वाटीभर मऊ भात आणि ताक पुरते. मग तिमाही संपत आली, की तिच्यासारख्या एकट्या बायका क्लबात जातात आणि पाव, केक, सूपचे डबे बांधून आणतात. अक्काच्या फ्रीजरमध्ये मी असे अकरा डबे मोजले. “फेकवत नाही रे, आणि खाववतही नाही,” ती म्हणाली. नवऱ्यामागे सभासदत्वाची वर्गणी थोडी उतरली, पण घरामागचा आकार तसाच राहिला. इथे मात्र हॅंडिकॅप नाही. साठीचे धडधाकट जोडपे आणि एक्याऐंशीची एकटी बाई, दोघांना तेच मैदान आणि तेच स्वयंपाकघर पोसायचे आहे.

ही काही एका क्लबाची लबाडी नव्हे. या वसाहतींच्या कल्पनेतच ती आहे. ॲरिझोनात फिनिक्सजवळ डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ उघडली. गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र, बाजार आणि नमुन्याची पाच घरे. पहिल्या दोन-तीन दिवसांत लाखभर माणसे बघायला आली. वेबने म्हातारपण विकलेच नाही. त्याने विकली ती साठीतली उमेद. १९६२ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. तिथे मुलांनी राहायचे नाही, हा मूळ नियम. पुढे अमेरिकेच्या १९९५ सालच्या कायद्याने अशा वसाहतींना मोकळीकही दिली: ऐंशी टक्के घरांत निदान एक माणूस पंचावन्नचा असला, की मुलाबाळांच्या कुटुंबांना नकार देता येतो.

आणि याचे पुढे काय झाले? तिकडे शाळा चालतात त्या मोठ्या अंशी घरपट्टीवर, आणि शाळेच्या इमारतींसाठी कर्ज काढायचे तर मतदारांना विचारावे लागते. सन सिटीच्या रहिवाशांनी १९६० आणि ७०च्या दशकांत शेजारच्या मुलांच्या शाळांचे ठराव मतपेटीत एकामागून एक पाडले. शेवटी तो भाग शाळेच्या हद्दीतूनच वगळला गेला. आमची मुले शिकून झाली, आता दुसऱ्यांच्या मुलांशी आमचा काय संबंध, असा साधा सवाल होता. या माणसांना दुष्ट म्हणवत नाही. मिळकत बांधलेली, खर्च वाढता. पण वयाची भिंत एकदा मान्य केली, की ती पंचावन्नच्या रेषेवर थांबत नाही. ती आत सरकत येते. बाहेरच्या दहा वर्षांच्या पोराला जो सवाल विचारला, तोच मग आतल्या ऐंशीच्या म्हातारीला विचारला जातो. तुझे खेळून झाले, आता तुझा आमच्याशी काय संबंध? पैसे तेवढे देत राहा.

अक्काला घर विकून मुलीच्या गावी जायचे आहे. ते विकले जात नाही, कारण येणाऱ्यालाही क्लबाचे प्रवेशमूल्य भरून तेच जोखड मानेवर घ्यावे लागते. फ्लोरिडात अशी घरे मालकांनी मातीमोलाने देऊन टाकल्याची उदाहरणे आहेत, ती उगाच नव्हेत.

हे सर्व इथे कशाला, असे कोणी म्हणेल. पुण्याला आणि गोव्याला आता ज्येष्ठांसाठी घरांच्या जाहिराती लागतात; आपल्या गल्लीतली दोन घरे तरी तिकडे चौकशी करून आली आहेत. त्यांना ‘आईबापांना टाकले’ म्हणून नावे ठेवणारे मला मूर्ख वाटतात. जाऊ द्या त्या बाईला, एकदाचे तिला कोणीतरी वाढू दे. पण रंगीत पुस्तिकेतल्या हसऱ्या जोडप्याकडे बघून सही करणाऱ्यांनी त्यातल्या एकालाच फोटोतून कापून पाहावे, आणि मग विकणाऱ्याला विचारावे, की या उरलेल्या माणसाकडून तुम्ही दरमहा काय घेणार? जेवला नाही तर काय घेणार? जायचे म्हणाला तर जाऊ देणार का? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्यावे. तोंडी गोड बोलणारे अक्कालाही भेटले होते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. क्लबाचे स्वयंपाकघर जुने झाले म्हणून नवे करायचे ठरले आहे; खर्च प्रत्येक घरावर सारखा, पाच वर्षांत फेडायचा. सभेला ती काठी टेकत गेली होती. विरोधात हात वर करायला सांगितले तेव्हा तिने केला. आजूबाजूला पाहिले तर हात वर केलेल्या बहुतेक तिच्याच वयाच्या एकट्या बायका होत्या. मोजणाऱ्याने त्या टेबलाकडे एकदा पाहिले, कागदावर आकडा लिहिला, आणि ठराव मंजूर झाल्याचे सांगितले. मग सगळे जेवायला गेले. अक्काही गेली, कारण तिमाही संपायला चार दिवस उरले होते.