सांडपाण्याची साक्ष

विषमज्वराच्या प्रत्येक रोग्याची नोंद इस्पितळात होत नाही. कामाचा खाडा परवडत नाही म्हणून कित्येक जण ताप अंगावर काढतात. काहींच्या शरीरात तर बरे झाल्यावरही जंतू वर्षानुवर्षे नांदतात. शहराची गटारे मात्र या सर्वांची साक्ष देतात.

ती साक्ष घेण्याची रीत जुनी व स्वस्त आहे. ब्रेंडन मूर यांनी १९४८ साली इंग्लंडच्या नॉर्थ डेव्हन भागातील वापराने ती प्रसिद्धीस आणली. जाळीदार कापडाची गुंडाळी दोरीने गटारात काही दिवस सोडायची आणि तिच्यात अडकलेले जंतू प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढवून ओळखायचे. गटाराच्या एकेका फाट्यावर असा शोध घेत गेल्यास रोगाच्या उगमापर्यंत पोहोचता येते.

परंतु जंतू सापडल्याने रोग हटत नाही. चिलीची राजधानी सान्तियागो येथे शहराचे सांडपाणी नदीतून कालव्यांत आणि तेथून भाजीच्या मळ्यांत जात असे. या पाण्यातून मूर यांच्याच रीतीने विषमज्वराचे जंतू मिळाल्याचे संशोधन १९८४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा लष्करी राजवट होती. मळ्यांचे पाणी तसेच राहिले. १९९१ साली पटकीची साथ खंडात पसरली, निर्यातीलाही धोका दिसू लागला, तेव्हा कुठे कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते पाणी देणे बंद झाले. विषमज्वर झपाट्याने ओसरला. शाळकरी मुलांच्या तापाने जे घडले नाही, ते बाजाराच्या भीतीने घडले.

आपल्याकडचा अनुभव निराळा नाही. दिल्लीत २०१० साली रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत, शेवटच्या फळीची प्रतिजैविकेही निकामी करणारा जनुक आढळला. तो बाळगणाऱ्या जंतूंत पटकीचेही होते. २०११ साली हे प्रसिद्ध होताच सरकारने निष्कर्षच नाकारले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. महानगरपालिकांनी सांडपाण्याची नियमित तपासणी करून प्रभागवार निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. जेथे जंतू सापडतील तेथील जलवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात तरतूद असावी. वस्ती हटविण्याचे ते निमित्त होता कामा नये. नमुना दोरीने घेता येतो, त्यासाठी कामगाराला गटारात उतरविण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागात हा प्रश्न सभेपुढे आणावा. गटाराची साक्ष दप्तरात बंद राहिली, तर तिचे मोल गरिबांच्या घरीच चुकते होणार आहे.