सिगारेटच्या धुराचा आकडा कुणाचा?

विंचूरच्या वाइन पार्कमधल्या बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा पिणाऱ्यागणिक बदलत नाही. सिगारेटच्या धुराचं तसं नाही. झुरका मोठा, तर टार आणि निकोटीनही जास्त. म्हणूनच १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोरेस्टा’ या संस्थेत तंबाखू कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी मोजणीच्या समान पद्धती ठरवल्या. ‘आयएसओ’च्या मूळ मानकानुसार यंत्र दर मिनिटाला दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेतं. त्यामुळे वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या निकालांची तुलना करता येते.

पण माणूस यंत्रासारखा ओढत नाही. फिल्टरभोवतीची बारीक छिद्रं यंत्रात उघडी राहतात, हवा मिसळून धूर पातळ होतो. ओढणाऱ्याच्या बोटांनी-ओठांनी ती झाकली जातात. ‘लाइट’ सिगारेट यंत्रावरच हलकी ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कडक पद्धतीत छिद्रं बुजवून दर अर्ध्या मिनिटाला ५५ मिलिलिटरचा झुरका घेतात. या पद्धतींनी दोन सिगारेटींची तुलना होते. एखाद्याच्या फुप्फुसात किती धूर गेला, हे कळत नाही.