काळभैरवाच्या कुत्र्यांना लाडू नको, साधी पोळी घाला

मा. संपादक,


उज्जैनच्या भैरवगडला काळभैरवाच्या दर्शनाला गेलात की हातात मिठाईचा पुडा असतो आणि पायाशी चार-पाच कुत्री. कुत्रा हे भैरवाचे वाहन, म्हणून देवाला दाखवून झाले की पुडा कुत्र्यापुढे रिकामा करायचा आणि हात जोडून पुढे व्हायचे. शनिवारी तेल लावलेली पोळी, भैरवाष्टमीला इमरती आणि जिलबी. मी फ्रीगंजात लहानाची मोठी झाले, हे सगळे स्वतः केले आहे. त्या श्रद्धेविरुद्ध मला एक शब्दही लिहायचा नाही. माझे म्हणणे एवढेच, की वाहनाला घालायचे ते त्याच्या पोटाला सोसेल असे असले पाहिजे. आज तसे होत नाही.

आमच्या घरी काळी नावाची कुत्री होती, नऊ वर्षांची. वहिनी बाळंत झाली तेव्हा आईने डिंकाचे लाडू केले होते, भरपूर काळे मनुके घालून. त्यातले दोन मी काळीला हाताने भरवले आणि डबा उघडा राहिल्यामुळे पुढचे पाच-सहा तिने स्वतः खाल्ले. रात्री तिला उलट्या झाल्या. जास्त खाल्ले, सकाळी बरी होईल, असे म्हणून आम्ही झोपलो. तिसऱ्या दिवशी तिची लघवी बंद झाली. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर मूत्रपिंडे निकामी होत आलेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की लाडवात मनुके किती होते? पाचव्या दिवशी काळी गेली. माझ्या हातचे ते दोन लाडू मी विसरू शकत नाही, म्हणून हे पत्र.

द्राक्षे आणि मनुके, बेदाणे (इकडे आपण सर्रास किशमिश म्हणतो) यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडतात. किती खाल्ल्यावर बिघडतील याचा नेम नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन धडधाकट राहतो, दुसरा थोडक्यात जातो. आमच्या आळीतले एक काका म्हणतात, ‘‘पिढ्यान्‌पिढ्या कुत्री प्रसाद खात आली, कुणाला काय झाले?’’ काकांचा मी मान ठेवते, पण हे ज्ञानच मुळी नवे आहे. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी द्राक्षे-मनुक्यांविषयी पहिला जाहीर इशारा दिला तो २००१ च्या सुमारास. यामागे द्राक्षांतले टार्टारिक आम्ल असावे, हा अंदाज पुढे आला २०२१ मध्ये. आपल्या आज्यांना हे कळण्याचा मार्गच नव्हता. आपल्याला आहे. आणि टार्टारिक आम्ल म्हटले की आपल्या स्वयंपाकघरातली चिंच आठवते, कारण तिच्यात ते भरपूर असते. चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांची नोंदही पुढे झाली आहे. तेव्हा कचोरीबरोबरची चिंचेची चटणी कुत्र्यापुढे टाकू नये.

‘कुणाला काय झाले’ याचे दुसरेही उत्तर आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, पण अशक्तपणा दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. रविवारी भंडाऱ्यातली उरलेली भाजी खाल्लेला कुत्रा गुरुवारी कुठल्या ओट्याखाली धापा टाकत पडला, हे पाहायला कोण जातो? घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. साधारण किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला तर त्रास होतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम तरी. आपल्या पोह्यांवर भुरभुरलेल्या चार तुकड्यांनी कुत्रा मरत नाही. पण कांद्याच्या वाटणाची रस्साभाजी रोज टोपलीभर ओतली जाते तेव्हा गोष्ट वेगळी होते. शिजवल्याने किंवा वाळवल्याने त्यातला दोष जात नाही, आणि लसूण तर कांद्याहून तीव्र.

येथे आपल्या रूढीतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. पितृपक्षात सिद्धवटावर आणि घरोघरी श्राद्धे होतात, पंचबलीतला एक घास श्वानासाठी काढला जातो. श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य. त्या पानातला साधा वरण-भात कुत्र्याला अगदी चालतो. फक्त खिरीत बेदाणे घातले असतील तर ती वगळावी.

नामदेवांची गोष्टही मला लोक ऐकवतात. कुत्रा पोळी घेऊन पळाला, नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा कोरडी पोळी खाऊ नका म्हणत. मग साजूक तुपातली इमरती का नको? कारण नामदेवांनी आपल्या ताटातली पोळी आणि चमचाभर तूप दिले, आणि समोरच्या जिवाचा विचार करून दिले. भैरवाष्टमीला (आपल्या मराठी पंचांगात कार्तिक वद्य अष्टमी, इकडच्या पंचांगात अगहन) एकेका कुत्र्यापुढे दिवसभरात तूप-पाकाचे किती पदार्थ येतात ते उभे राहून मोजा. एवढ्या तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रा दगावू शकतो.

उज्जैनपुरत्या दोन गोष्टी आणखी. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत मिळते. त्या प्रसादाचा थेंबही कुत्र्याच्या बशीत जाऊ नये, त्याच्यासाठी ते विषच. तसेच महाशिवरात्रीची भांग. भांग पोटात गेलेला कुत्रा झोकांड्या खातो, उभ्या-उभ्या लघवी करतो, किंचित आवाजाने दचकतो. पोरे त्याचा व्हिडिओ काढून हसतात. तो कुत्रा त्या वेळी आजारी असतो, त्याला दवाखान्यात न्यायचे असते.

घरात कुत्रा असलेल्यांनी चॉकलेट आणि झायलिटॉल एवढी दोन नावे लक्षात ठेवावीत. दोन किलोच्या पिलाला काळ्या चॉकलेटच्या आठ-दहा ग्रॅमनेही त्रास सुरू होतो. झायलिटॉल हे काही बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये वापरतात, ते अगदी थोडे पोटात गेले तरी कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. असे काही खाल्ले गेलेच तर मिठाचे पाणी पाजून घरी उलटी करवू नका, त्याने नवा धोका ओढवतो. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. आम्ही जी रात्र झोपून घालवली तीच मोलाची होती.

मग घालायचे काय? साधी पोळी, भाकरी, मीठ-मसाला न घातलेला वरण-भात, उकडलेले अंडे, उकडलेला लाल भोपळा, गाजर, बिनसाखरेचे दही. दूध मोठ्या कुत्र्यांना बरेचदा पचत नाही, ताक बरे. ज्यांच्या घरी मांसाहार आहे त्यांनी शिजवलेली हाडे टाकू नयेत, ती फुटून आतड्यात टोचतात. ग्लुकोजची बिस्किटे हे विष नाही, पण ते जेवणही नाही. आणि माळव्यातल्या वैशाख-ज्येष्ठात पाण्याचे एक कुंडे सगळ्या पेढ्यांपेक्षा मोठे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्रत्येक वॉर्डात कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या ठरावीक जागा महापालिकांनी नेमाव्यात असे म्हटले. जागा नेमताना तिथे काय घालावे आणि काय घालू नये याची पाटीही लागावी, मराठी-हिंदी दोन्हींत, चित्रांसह. काळभैरवाच्या वाटेवर तर ती हवीच. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. तेव्हा जागोजाग अन्नछत्रे लागतील, उरलेल्या अन्नाचे आणि पत्रावळींचे ढीग साचतील. देवळाबाहेरच्या दुकानदारांनी फुला-मिठाईबरोबर साध्या पोळ्यांची परडी ठेवली तर त्यांचा धंदा बुडणार नाही, भाविकाच्या हातात योग्य वस्तू मात्र येईल. मंदिराच्या व्यवस्थापनाने मनावर घेतले तर हे एका आठवड्यात होण्यासारखे आहे.

तोवर आम्ही फ्रीगंजातल्या पाच बायकांनी ठरवले आहे. येत्या भैरवाष्टमीला पहाटेपासून दोनशे पोळ्यांचा डबा घेऊन भैरवगडच्या रस्त्याला बसायचे. जो इमरती घेऊन येईल त्याला म्हणायचे, दादा, इमरती देवाला दाखवून घरी न्या, मुलांना द्या, आणि कुत्र्यासाठी ही पोळी घ्या. पैसे घेणार नाही.

आपली,
एक वाचक
फ्रीगंज, उज्जैन