पडका आणि पडलेला

गणपतीपुळ्याला येणारी मंडळी दर्शन घेतात, टेकडीला प्रदक्षिणा घालतात, पुळणीवर पाय भिजवतात आणि परततात. मी मात्र प्रत्येकाला सांगतो, की जवळच्या मालगुंडला जाऊन या. तिथं कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली जन्मले. त्यांच्या नावातच व्याकरणाचा एक धडा दडलेला आहे. ‘सुत’ म्हणजे मुलगा, हे आपण जाणतो. पण संस्कृतात तो शब्द मूळचा धातुसाधित विशेषण, अर्थ ‘जन्मलेला’. वापरता वापरता विशेषणाचं नाम होऊन बसलं. लॅटिनमधल्या ‘नातुस’चीही हीच कथा: आधी ‘जन्मलेला’, मग ‘मुलगा’.

लॅटिन म्हटलं की आपण बिचकतो. पण ‘एजंट’ म्हणजे करणारा, ‘डेटा’ म्हणजे दिलेल्या गोष्टी, ‘अजेंडा’ म्हणजे करावयाची कामं. तिन्ही तिथली धातुसाधितंच. आपल्या ‘करणारा, दिलेला, करायचा’ यांची ही दूरदेशीची भावंडं.

खरी गंमत पुढंच आहे. लॅटिनमध्ये एखादा माणूस आत्ता कष्ट सोसत असेल, तर ‘कष्ट’ हा शब्द द्वितीयेत येतो. सोसणं हा त्याचा स्वभावच असेल, तर तो षष्ठीत जातो. क्रियेचा गुण झाला, ही वर्दी विभक्ती देते. मराठीत हे काम बहुधा प्रत्यय करतो. ‘पडलेली भिंत’ म्हणजे घडलेली घटना. ‘पडकी भिंत’ म्हणजे भिंतीची ओळख. रडणारं मूल घटकाभरानं हसतं. ‘रडकं’ हे नाव मात्र त्याला चिकटून राहतं.

केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केलं. एका घरात एक कवी नि एक वैयाकरण! शब्दांचे असे बारकावे दोघांच्याही कामाचे.

आणि आपल्याही. आता दिवाळीचे पाहुणे जमतील, फराळाबरोबर मुलांचे सहामाहीचे गुणही विचारले जातील. तेव्हा मंडळी, गणितात चुकलेल्या मुलाला ‘चुकलेला’ म्हणा, ‘चुकार’ म्हणू नका. चुकलेल्याला पुढल्या खेपेला बरोबर येण्याची वाट मोकळी असते. चुकार ठरवलेलं पोर मात्र हळूहळू तसंच वागू लागतं, आणि मग दोष आपण त्याच्याच माथी मारतो.